यानुशाऊचा म्हातारा: एका ऑडिओ भागाच्या कामाच्या नोंदी

२ जून

विषय पक्का. मालिकेचा पुढचा भाग एलार्ड फॉन ओल्डेनबुर्ग-यानुशाऊवर. जन्म १८५५, मृत्यू १९३७. पूर्वेकडचा प्रशियन जमीनदार, शेतकरी संघटनेचा पुढारी, राइशस्टाग म्हणजे जर्मन संसदेचा सभासद, आणि उतारवयात राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गच्या कानाला लागलेला शेजारी.

सहकारिणीचा पहिलाच प्रश्न: "आपल्याकडे हा कोणाला माहितेय?" कोणालाच नाही, म्हणून तर घ्यायचा. सहकारावरच्या मराठी पुस्तकांत एक जर्मन माणूस हमखास भेटतो, राइफायझेन. मद्रासच्या फ्रेडरिक निकोल्सनने १८९५ ते ९७ च्या अहवालात त्याच्या पतपेढ्यांची भलामण केली, आणि पुढे १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यामागे तोच विचार आला. पण त्याच देशात त्याच काळात शेतकऱ्यांची आणखी एक संघटना उभी राहिली. तिने कर्ज वाटण्याऐवजी सरकारांना घाम फोडला. तिची गोष्ट मराठीत फारशी कोणी सांगितलेली नाही. ओल्डेनबुर्ग हा त्या गोष्टीत शिरायचा दरवाजा.

एक गोष्ट आजच ठरवून टाकली. या माणसाचं १९१० चं एक वाक्य फार प्रसिद्ध आहे आणि त्याच्यावर लिहिणारा जो तो तिथूनच सुरुवात करतो. आपण करायची नाही. त्याचं राजकारण भाषणापेक्षा हिशेबाच्या वहीत जास्त सापडतं, असं माझं मत वाचता वाचता बनत चाललंय. संहिता त्या अंगाने लिहायची.

५ जून

नकाशाचं काम. गावांची नावं डोकं उठवतात, कारण सगळा मुलूख आता पोलंडमध्ये आहे. जन्म बाइसलायडेनला, पूर्व प्रशियात. आजचं बेझलेदी, रशियाच्या कालिनिनग्राड भागाच्या सीमेवरची चौकी. इस्टेट यानुशाऊ, पश्चिम प्रशियाच्या रोझेनबेर्ग तालुक्यात. आज यानुशेवो, तालुक्याचं गाव सुश. शेजारचं नॉयडेक म्हणजे आजचं ओग्रोझिएनिएत्स. ऐकणाऱ्याला एवढी नावं झेपणार नाहीत. संहितेत त्या काळची जर्मन नावंच ठेवायची आणि आजची स्थिती एकदाच सांगून मोकळं व्हायचं.

तरुणपण दोन ओळींत उरकतंय: घोडदळात अधिकारी, मग १८८० च्या दशकात फौज सोडून शेती हाती. घराणं, लग्न, मुलंबाळं गाळली. ऐकणाऱ्याला त्याचा वाडा दिसण्याआधी त्याच्या गड्यांची घरं दिसली पाहिजेत.

९ जून

आज दिवसभर इस्टेटीवरच.

'जमीनदार' म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे खंड गोळा करणारा, कुळांना जमीन लावून देणारा माणूस येतो. एल्बे नदीच्या पूर्वेकडचा जमीनदार तसा नव्हता. तो स्वतः शेती कसून घेणारा, राय (गव्हासारखं एक धान्य), बटाटा आणि घोडे पिकवणारा-पाळणारा धंदेवाला होता. नफा-तोटा त्याचा, कर्ज त्याचं, भावाची चिंताही त्याचीच. हे नीट सांगितलं नाही तर पुढचं आयात शुल्काचं भांडण कळणारच नाही.

आणि इस्टेट ही नुसती जमीन नव्हती. कागदोपत्री ती गावापासून वेगळी, स्वतंत्र प्रशासकीय हद्द होती आणि तिचा प्रमुख खुद्द मालक. ग्रामसभा नाही, निवडून दिलेला मुखिया नाही. बऱ्याच ठिकाणी पोलिसी अधिकारही त्याच मंडळींकडे. प्रशियात या वेगळ्या हद्दी मोडायचा कायदा झाला तो थेट १९२७ च्या डिसेंबरात. साम्राज्य गेलं, प्रजासत्ताक येऊन नऊ वर्षं झाली, तोवर ही रचना शाबूत!

कामकरी कुटुंबांची व्यवस्था समजावायला आपल्याकडचा सालगडी उपयोगी पडेल, फक्त इथे करार एकट्या गड्याचा नसून अख्ख्या कुटुंबाचा. वर्षाच्या बोलीवर राहायला घर, परसू, बटाट्याला जमिनीचा तुकडा, गाईला चारा, जळण, वर धान्य. रोकड थोडी. त्या बदल्यात स्वतः राबायचं आणि शिवाय आणखी एक कामकरी हात पुरवायचा, घरातला तरणा मुलगा किंवा मुलगी. घरात कोणी नसेल तर पदरचे पैसे मोडून बाहेरून माणूस आणायचा. पूर्वी हिवाळाभर हाताने मळणी चाले आणि मळलेल्या धान्यातला ठरलेला वाटा या कुटुंबांना मिळे. मळणीयंत्र आलं तसा तो वाटा आकसत गेला. पीक चांगलं आलं तर मालकाबरोबर गड्याचंही भलं होतं, ही जी एक गाठ होती ती सुटली.

करार मोडून निघून जाणं हा गुन्हा होता. १८५४ च्या प्रशियन कायद्याने शेतमजुरांचा संपही शिक्षापात्र ठरवला आणि हे सगळं नोव्हेंबर १९१८ च्या क्रांतीपर्यंत टिकलं. तरी पोरं पळतच होती: बर्लिनला, रूरच्या खाणींकडे. मग मजूर आणायचे कुठून? रशियाच्या ताब्यातल्या पोलंडमधून. हंगामापुरते बोलवायचे आणि हिवाळ्यात सक्तीने परत धाडायचे, म्हणजे ते इथे मुळं धरणार नाहीत. त्याच वेळी १८८६ पासून प्रशियाचं सरकारी मंडळ पोलिश मालकांच्या जमिनी विकत घेऊन जर्मन शेतकरी बसवत होतं. एका हाताने पोलिश माणूस हटवायचा, दुसऱ्या हाताने बटाटे काढायला तोच बोलवायचा. पुढे समाजशास्त्रज्ञ म्हणून गाजलेल्या तरुण माक्स वेबरने १८९२ मध्ये पूर्वेकडच्या शेतमजुरांवर मोठा अभ्यास केला, त्यात हा विरोधाभास अगदी बोट ठेवून दाखवलाय. संहितेत वेबर दोन वाक्यांपुरता आणायचा. जास्त आणला की तोच भाग खाऊन टाकेल.

१३ जून

मतदानाचा तुकडा लिहिला. प्रशियाच्या विधिमंडळासाठी तीन वर्गांची पद्धत: जितका कर जास्त तितकं मत वजनदार, आणि मत तोंडी, चारचौघांत सांगायचं. राइशस्टागसाठी मात्र पंचवीस वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषाला समान आणि गुप्त मत. तिथेही पाकीट आणि आडोशाची खोली आली ती १९०३ मध्ये. पूर्वेकडचा एक जुना किस्सा घेतलाय. मालकाने गड्याच्या हातात बंद पाकीट दिलं. गडी ते उघडून बघायला लागला तसा मालक खेकसला, "अरे, मतदान गुप्त असतं, ठाऊक नाही का तुला?"

किस्सा आहे, घटना नव्हे. निवेदनात तसं स्पष्ट म्हणायचं.

ओल्डेनबुर्ग १९०१ ते १९१० प्रशियाच्या विधिमंडळात आणि १९०२ ते १९१२ राइशस्टागमध्ये होता, जर्मन कॉन्झर्वेटिव्ह पक्षाकडून.

१७ जून

संघटना. 'बुंड डेर लांडविर्टे', म्हणजे शेतकऱ्यांचा संघ. स्थापना १८ फेब्रुवारी १८९३, बर्लिनच्या टिवोली बिअर कारखान्याच्या सभागृहात. ठिणगी पडली ती जमीनदाराच्या हातून नव्हे, सिलेशियातल्या रुप्रेश्ट नावाच्या एका खंडकरी शेतकऱ्याच्या हाकेने. राजाच्या सिंहासनाच्या पायऱ्यांपर्यंत ऐकू जाईल इतकं ओरडूया, असा तिचा सूर होता.

राग चान्सेलर म्हणजे सरकारप्रमुख कॅप्रिव्हीवर. १८७९ मध्ये बिस्मार्कने धान्यावर शंभर किलोला १ मार्क आयात शुल्क बसवलं होतं, ते १८८५ मध्ये ३ आणि १८८७ मध्ये ५ मार्क झालं. कॅप्रिव्हीने कारखान्यांच्या मालाला बाहेरचे बाजार मिळावेत म्हणून ऑस्ट्रिया-हंगेरी, इटली, रुमानिया आणि शेवटी १८९४ मध्ये रशियाशी करार केले आणि शुल्क साडेतीन मार्कांवर आणलं. स्वतःकडे ना एकर ना कणीस, असा हा चान्सेलर, त्याला शेतीतलं काय कळतंय, असं जमीनदार म्हणू लागले. १८९४ च्या ऑक्टोबरात तो गेला. शेतकऱ्यांचा रोष हे एकमेव कारण नव्हतं, पण कारणांच्या यादीत ते बरंच वर होतं.

सहकारिणीचा इथला मुद्दा बरोबर होता: "नावात शेतकरी, पण बसलेत सगळे फॉन." (फॉन म्हणजे जर्मन उमरावांच्या नावातली खूण.) अध्यक्ष आधी प्ल्योट्स, १८९८ पासून वांगेनहाइम, दोघेही जमीनदार. पश्चिम प्रशियातली सूत्रं ओल्डेनबुर्गकडे. सभासद मात्र बहुसंख्य लहान शेतकरी, मोठे जमीनदार शेकड्याला एखादाच. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर एकूण सभासद तीन लाखांवर. दर फेब्रुवारीत बर्लिनच्या बुश सर्कशीच्या इमारतीत मेळावा, हजारोंनी गर्दी.

लहान शेतकरी यांच्या मागे का गेला? 'फसवला गेला' असं लिहून मोकळं होता येईल, पण ते आळसाचं उत्तर झालं. बुंड घाऊक भावात खत आणि पशुखाद्य मिळवून द्यायचा, यंत्रं तपासून द्यायचा, विमा बघायचा, कोर्टकचेरीत सल्ला द्यायचा. शिवाय परदेशी गुरं आणि मांस रोगराईच्या नावाखाली सीमेवर अडवलं जायचं, त्याचा फायदा चार डुकरं पाळणाऱ्यालाही व्हायचा. धान्याच्या शुल्काचा मात्र नाही. ज्याला पशुखाद्य विकत घ्यावं लागतं त्याला महाग धान्य कसं परवडणार? तो विकायचा मांस आणि दूध, भोगायचा दाण्याचा भाव. एवढा बारकावा ठेवला की प्रकरण जिवंत राहतं.

आणखी एक गोष्ट गाळून चालणार नाही: बुंडचं दार ज्यूंना बंद होतं. धान्यबाजारातला दलाल म्हणजे ज्यू आणि ज्यू म्हणजे शत्रू, हे समीकरण त्यांच्या प्रचारपत्रांनी वर्षानुवर्षं खेडोपाडी पोचवलं. पुढे १९३३ कडे जाताना हे आठवावं लागेल.

२२ जून

सगळ्यात आवडलेला भाग, आणि सहकारिणीच्या मते सगळ्यात झोपाळू: आयात दाखले.

पूर्व प्रशियाची अडचण अशी की त्यांची राय पश्चिमेकडच्या औद्योगिक शहरांत रेल्वेने नेईपर्यंत भाडं तिचा नफा खाऊन टाकायचं. त्यांची नैसर्गिक वाट समुद्राची: डान्झिग, क्योनिग्सबेर्ग, आणि तिथून स्कँडिनेव्हिया. पण देशात शुल्काने भाव चढवलेला असताना बाहेर स्वस्तात कोण विकेल?

१८९४ मध्ये यावर तोड निघाली. धान्य निर्यात करणाऱ्याला दाखला मिळू लागला. तेवढ्या धान्याच्या शुल्काइतकी त्याची किंमत. तो दाखला दाखवून दुसरा कोणी तितक्या शुल्काचा माल बिनशुल्क आत आणू शकत असे, धान्यच नव्हे तर कॉफी किंवा रॉकेलसारखा मालही. निर्यात करणारा स्वतः काही आणणार नसला तरी दाखला बाजारात विकायचा. म्हणजे व्यवहारात ही निर्यातीवरची सबसिडीच, फक्त सरकारी खर्चाच्या बाजूला ती कुठे दिसायची नाही. जमा व्हायच्या शुल्कातून गुपचूप वजा.

हे दिलं कोणी? शिव्या खाणाऱ्या कॅप्रिव्हीनेच, रशियाच्या कराराचा कडू घोट उतरावा म्हणून. बुंडच्या भाषणांत याबद्दल आभाराचा शब्द शोधायला जाऊ नये.

१९०२ मध्ये नवा चान्सेलर ब्युलोच्या सरकारने नवं शुल्क मंजूर केलं, ते १९०६ च्या मार्चपासून लागू झालं: रायला ५ मार्क, गव्हाला साडेपाच. शुल्क वाढलं तशी दाखल्याची किंमतही वाढली. परिणाम असा की पहिल्या महायुद्धाआधीच्या काही वर्षांत जर्मनी रायचा निव्वळ निर्यातदार झाला. बर्लिनचा कामगार चढ्या भावाची पाव-भाकरी खात होता आणि पूर्वेकडची राय शेजारच्या देशांत स्वस्तात उतरत होती. 'परक्या धान्यापासून राष्ट्राच्या अन्नाचं रक्षण' हे ज्याचं नाव, त्याचा पैसा असा फिरत होता.

२४ जून

संहिता वाचून उत्तर आलं: "दाखल्यांपाशी मी दोनदा मागे गेले. श्रोता मागे जाणार नाही, तो बंद करेल."

तोडगा: सगळं एका वॅगनवर आणायचं. दहा टन राय यानुशाऊहून निघाली असं धरू. डान्झिगच्या बंदरात ती जहाजावर चढली की दाखला हातात. १९०० मध्ये साडेतीन मार्कांच्या हिशेबाने ३५० मार्कांचा, १९०७ मध्ये तोच ५०० मार्कांचा. राय तीच, जमीन तीच, राबणारी माणसं तीच. फरक दीडशे मार्कांचा, आणि तो बर्लिनमध्ये ठरलेला. वॅगन काल्पनिक आहे हे निवेदनात पहिल्याच वाक्याला सांगायचं, आकडे मात्र खऱ्या दरांचे. असं केल्यावर तिला पटलं.

कानिट्झच्या ठरावाला एक मिनिट दिलं. काउंट कानिट्झने १८९४ मध्ये मागणी केली होती की परदेशी धान्याची खरेदी-विक्री सरकारनेच करावी आणि आधीच्या चाळीस वर्षांच्या सरासरीवर भाव बांधून द्यावा. राजनिष्ठ, समाजवादाच्या नावाने बोटं मोडणारे जमीनदार सरकारी मक्तेदारी मागत होते! ठराव फेटाळला गेला. हमीभावाच्या चर्चेत मुरलेल्या आपल्या श्रोत्याला हे ऐकून गंमत वाटेल. तुलना आपण करायची नाही, त्याची तो करेल.

१ जुलै

आता ते वाक्य. २९ जानेवारी १९१०, राइशस्टाग. ओल्डेनबुर्ग म्हणाला की प्रशियाचा राजा आणि जर्मन सम्राट याला कोणत्याही क्षणी एखाद्या लेफ्टनंटला सांगता आलं पाहिजे: दहा माणसं घे आणि राइशस्टाग बंद कर. सभागृहात हलकल्लोळ. डाव्यांनी ते वाक्य पुढे कायमचं वापरलं, उजव्यांनी टाळ्या पिटल्या, व्यंगचित्रकारांची चैन झाली. दहा माणसं कधी पाठवावी लागली नाहीत.

त्याच्या आदल्याच वर्षीची गोष्ट मला जास्त वजनदार वाटते. १९०९ मध्ये ब्युलोच्या सरकारला नौदल आणि कर्जाच्या बोजामुळे पैसा हवा होता. त्यांनी वारसा कर बायको-मुलांना मिळणाऱ्या मालमत्तेवरही बसवायचं ठरवलं. कॉन्झर्वेटिव्ह पक्षाने कॅथॉलिक सेंटर पक्षाला हाताशी धरून तो पाडला आणि जुलैत ब्युलो घरी गेला. चान्सेलर घालवायला लेफ्टनंट लागला नाही, दहा माणसंही नाहीत. मतदान पुरलं.

म्हणून क्रम असा: आधी १९०९, मग १९१०. वाक्य ऐकू येईल तेव्हा ते किती पोकळ आहे हे श्रोत्याला कळलेलं असेल. सहकारिणीला हे मान्य नाही. तिच्या मते असं वाक्य बोललं जाणं हेच एक कृत्य, त्याने संसदेची किंमत कमी होते. तिचं म्हणणं मी निवेदनात तिच्याच आवाजात ठेवतोय. भांडण भागातच राहू दे.

६ जुलै

१९१८ ते १९२६ भरभर. साम्राज्य गेलं, बुंड १९२१ मध्ये दुसऱ्या संघटनेत मिसळून राइशलांडबुंड झाला, आपला माणूस जर्मन नॅशनल पक्षात गेला.

मग १९२७. हिंडेनबुर्गच्या ऐंशीव्या वाढदिवसाला नॉयडेकची इस्टेट भेट द्यायची, ही खटपट ओल्डेनबुर्गची. ती हिंडेनबुर्ग घराण्याचीच जुनी मालमत्ता, कर्जात गेलेली. जमीनदारांच्या वर्गणीने भागेना म्हणून उद्योगपतींनी मोठा वाटा उचलला. खरेदीखत झालं ते मुलाच्या, ओस्कारच्या नावावर, म्हणजे पुढे वारसा कराचा प्रश्नच नको. १९०९ आणि हे, दोन्ही सलग ऐकवायचे.

भेटीचा खरा मोबदला वेगळाच. प्रजासत्ताकाचा राष्ट्राध्यक्ष आता पूर्वेकडचा जमीनदार झाला आणि यानुशाऊचा शेजारी. सुट्टीला तिथेच येणार, जेवायला तीच मंडळी, बोलणं तेच: भाव, कर्ज, लिलाव.

११ जुलै

१९३० मध्ये पंचाहत्तराव्या वर्षी म्हातारा पुन्हा राइशस्टागमध्ये. १९३१ च्या मार्चमध्ये 'ओस्टहिल्फे' म्हणजे पूर्वेला मदत देणारा कायदा: बुडीत इस्टेटींची कर्जं सरकारी पैशाने सावरायची. पण १९३२ च्या वसंतात चान्सेलर ब्र्युनिंगच्या सरकारच्या आयुक्ताने, श्लांगे-श्योनिंगेनने, योजना आणली की ज्या इस्टेटी सावरण्यापलीकडे गेल्यात त्या ताब्यात घेऊन तुकडे पाडावेत आणि तिथे लहान शेतकरी बसवावेत. श्लांगे स्वतः पोमेरेनियाचा जमीनदार, हे विसरू नये.

'शेतीतला बोल्शेविझम' ही ओरड इथली. मे महिन्यात हिंडेनबुर्ग नॉयडेकला मुक्कामाला. पूर्व प्रशियातला पुढारी गायल याने पत्र लिहिलं, राइशलांडबुंडने निषेध केला, शेजाऱ्यांनी कान भरले. ३० मे रोजी ब्र्युनिंगचा राजीनामा. यामागे लष्करातल्या जनरल श्लायशरची कारस्थानं होतीच, जमिनीची योजना हे एकमेव कारण म्हणणं चूक होईल. पण पुढच्या पापेन मंत्रिमंडळात गायल गृहमंत्री झाला, एवढं सांगून पुढे जायचं.

१९३३ चा जानेवारी तारखेनुसार, टीका न करता. ११ तारखेला काल्क्रॉइटच्या नेतृत्वाखाली राइशलांडबुंडचं शिष्टमंडळ राष्ट्राध्यक्षांकडे; आता चान्सेलर झालेल्या श्लायशरचं सरकार शेती लुटू देतंय अशी तक्रार. शिष्टमंडळात नाझी विलिकेन्सही. त्याच महिन्यात संसदेच्या समितीत ओस्टहिल्फेच्या पैशाचे गैरव्यवहार उघडे पडू लागले, त्यात ओल्डेनबुर्गचं नावही आलं. ३० तारखेला हिटलर चान्सेलर. ऑगस्टमध्ये हिंडेनबुर्गला आणखी जमीन भेट, नॉयडेकला लागून, करमाफीसकट. या वेळी देणारा नाझी नेता ग्योरिंग.

१५ जुलै

शेवट ठरला. म्हाताऱ्याच्या मृत्यूवर (ऑगस्ट १९३७) भाग संपवायचा नाही. त्या वेळी तो बाजूला पडलेला होता, आठवणी छापून झाल्या होत्या.

त्याऐवजी सप्टेंबर १९३३. नाझींनी सगळ्या शेतकरी संघटना एका सरकारी छत्रात कोंबल्या, प्रमुख त्यांचा शेतीमंत्री डारे. चाळीस वर्षं सरकारांना वाकवणारी बुंडची परंपरा एका कायद्याने संपली. काल्क्रॉइटला तर त्याआधीच दूर सारलं होतं. त्याच महिन्यात वारसाशेतीचा कायदा: साधारण साडेसात ते १२५ हेक्टरची जमीन धरणारा आर्यवंशीय मालक तेवढा कायद्याने 'शेतकरी', त्याची जमीन विकता येणार नाही, गहाण टाकता येणार नाही. १२५ च्या वरचे जमीनदार या मानाच्या बाहेर. त्यांच्या इस्टेटी शाबूत राहिल्या, पण शेतकऱ्यांच्या नावाने बोलायचा त्यांचा परवाना गेला. निवेदनात हे कलम जसंच्या तसं वाचून थांबायचं, वर संगीत नको.

रेकॉर्डिंग शुक्रवारी सकाळी. उच्चारांचा तक्ता सहकारिणीकडे गेला. दाखल्यांच्या वॅगनचा तुकडा तिने वाचायचा, १९०९ चा मी.